तारण: पतसंस्थेतलं आणि बायबलमधलं

नगरची सिस्टर (धागालेखिका)

सर्वांना सलाम. लिहू की नको करत तीन रविवार गेले, आज लिहितेच.

मी निवृत्त परिचारिका, वय ६१, नगर जिल्ह्यातली. (जिल्ह्याचं नाव बदललंय, तोंडातलं बदलत नाही.) चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर, प्रॉटेस्टंट. संडे स्कूलमध्ये वचनपाठांतराची बक्षिसं मीच घ्यायचे. त्यामुळे वचन माहीत नाही अशी माझी अडचण नाही. एका वचनाला दुसरं वचन आडवं येतं, ही आहे.

२००८ साली माझ्या धाकट्या भावानं आईच्या पाटल्या एका पतसंस्थेत ठेवून ३५ हजार उचलले. साडेतीन तोळ्यांच्या दोन पाटल्या. आई दवाखान्यात आया होती. भिशीतून आणि डबल ड्यूटीतून तिनं त्या केल्या होत्या. मग २००९ ला टेम्पोसाठी दीड लाखाचं कर्ज काढलं आणि मला जामीनदार घेतलं. "आक्का, नुसती सही आहे गं." टेम्पो सव्वा वर्ष चालला, नंतर घराच्या मागं चाकं नसलेला उभा होता. २०११ ला पाटल्यांचा लिलाव झाला. आणि माझ्या पगारातून दरमहा ३,२०० कापायला सुरुवात झाली. ५८ हप्ते. शेवटचा २०१५ साली. एकूण १,८५,६००. आकडा बघून लिहिला नाही, पाठ आहे. आई २०१६ ला गेली. पेटीत ठेवताना तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या.

आता मूळ गोष्ट. भावाची दारू दोन वर्षांपूर्वी सुटली. खरंच सुटली, नाटक नाही. एका प्रार्थना सहवासात जायला लागला, माणूस झाला. वहिनीच्या चेहऱ्यावर मांस आलंय. नाताळच्या आधी त्यांच्या सभेत त्यानं साक्ष दिली, मला मुद्दाम बोलावून घेतलं. मी तिसऱ्या रांगेत. दारू सांगितली, मटका सांगितला, बायकोवर हात उचलला तेही सांगितलं. "आणि प्रभूनं माझी सगळी पापं धुतली, माझं तारण झालं!" टाळ्या, हालेलूया. लोक रडत होते. मी पण रडले.

पण कानात तो शब्द अडकला. तारण. चर्चमध्ये त्याचा अर्थ उद्धार, पापातून सुटका. आमच्या घरात पंधरा वर्षं तो शब्द फक्त पाटल्यांसाठी होता. पावतीवर छापलेला होता, "सोने तारण कर्ज". त्याचं तारण झालं आणि आईचं तारण लिलावात गेलं, असलं काहीतरी मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. सभा संपल्यावर तो आला, मिठी मारली. "आक्का, देवानं मला क्षमा केली." तुझी मागतो, असं नाही. देवानं केली. म्हणजे विषय संपला.

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत एका ओळीला माझा आवाज बंद होतो. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे." सोडतो नाही, सोडू नाही, सोडले आहे. म्हणजे सोडून झालेलं असलं पाहिजे, मगच पुढचं तोंड उघडायचं. मी सोडलेलं नाही. दोन महिने प्रभुभोजनाचा ट्रे आला की शेजारणीकडे सरकवते. तिला वाटतं मला शुगर आहे म्हणून द्राक्षरस चालत नाही.

प्रश्न असा: देवानं क्षमा केली म्हणजे माझं देणं पण फिटलं का? आणि मी पैशाचं काढलं तर मी येशूच्या दृष्टांतातली निर्दय चाकर ठरते का, स्वतःचं डोंगराएवढं देणं माफ झाल्यावर दुसऱ्याकडच्या लहान देण्यासाठी त्याची नरडी धरणारी?

ज्योत_पुणे

प्रेज द लॉर्ड ताई. वाचून वाईट वाटलं. पण स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मत्तय ६:१५ स्वच्छ आहे, आपण माणसांना क्षमा केली नाही तर पिता आपल्याला करणार नाही. आणि इफिसकरांस २:८-९ मध्ये तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही. तुमच्या भावानं आधी पैसे फेडावेत आणि मग त्याची क्षमा खरी, असं म्हटलं तर ती कृपा राहत नाही, मजुरी होते. मागचं वधस्तंभाजवळ ठेवून द्या. पैसा आज आहे उद्या नाही. एक दिवस उपास करून प्रार्थना करा, हलकं वाटेल.

नगरची सिस्टर

ज्योत, राग नाही. मजुरीचा मुद्दा बरोबर आहे, प्रेषित पौलानंच मांडलाय. पण "पैसा आज आहे उद्या नाही" हे ज्याचा गेला त्यानं म्हणावं बाळा. ३,२०० कापून हातात जे यायचं त्यातून मी दोन मुलं शिकवली. उपासाचं म्हणशील तर तेव्हा बरेच घडले.

केळवाडी

मी वसईचा, कॅथलिक. तुमच्या धाग्यात घुसतोय, चालेल ना?

आमच्या आजोबांच्या वेळची गोष्ट घरात अजून सांगतात. शेजारी दर पावसाळ्याआधी कुंपण नवं करताना वीतभर आमच्या वाडीत सरकायचा. दहा-बारा वर्षांत केळीची अख्खी ओळ त्याच्याकडे गेली. आजोबा भांडले, मग बोलणं टाकलं, चर्चमध्येही एक इकडच्या दारानं, एक तिकडच्या. एका वर्षी उपवासकाळात शेजारी पापनिवेदनाला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला गेला. आत काय झालं ते देव जाणे आणि फादर जाणे, फादरला तर मरेपर्यंत बोलता येत नाही. पण गुड फ्रायडेच्या आधी एका सकाळी हा बाबा पहार घेऊन एकटाच खुंट उपटताना दिसला. आजोबा ओट्यावर बसून बघत राहिले. मदतीला गेले नाहीत, हेही घरात आवर्जून सांगतात. ओळ परत आली. पण केळी त्यानं लावलेल्या होत्या, म्हणून त्या वर्षीचे घड आजोबांनी त्याच्या घरी पोचवले.

आमच्या शिकवणुकीत पापनिवेदनानंतरच्या मुक्तीनं पाप पुसतं, पापानं केलेली मोडतोड पुसत नाही. चोरलेलं परत करायचं, कुणाचं नाव खराब केलं असेल तर चारचौघांत सुधारायचं, जमेल तेवढं. त्यानं क्षमा विकत मिळते म्हणून नव्हे. भोक पाडलंय तर बुजवायचं म्हणून.

इथं लगेच कुणीतरी म्हणेल की बघा, कॅथलिक लोक कर्मांवर आले. तर १५१७ मध्ये ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाले त्या ल्यूथरनं विटेनबर्गला जे ९५ मुद्दे काढले ते पापदंड माफ केल्याची पत्रं पैसे घेऊन वाटण्यावर होते, आणि त्या बाबतीत आमच्याकडचं चुकलंच होतं. कृपेनं तारण होतं, आपल्या पुण्याईनं नाही, एवढ्यावर १९९९ साली ऑग्सबर्गला ल्यूथरन महासंघाची आणि रोमची सहीसुद्धा झाली आहे, तारीख मुद्दाम ल्यूथरच्या मुद्द्यांचीच निवडली, ३१ ऑक्टोबर. भांडणाचं थोडं शिल्लक आहे, पण या प्रश्नापुरतं नाही. पैसे देऊन क्षमा घेणं चूक होतं. पण क्षमा घेऊन पैसे ठेवून घेणं कुठल्या पंथात बसतं?

वसुली_२२

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी माळ आहे. पण पतसंस्था हा शब्द दिसला आणि राहवलं नाही. २२ वर्षं वसुली विभागात काढली. तुमच्यासारख्या जामीनदार बायकांच्या पगारातून कपात लावणारी पत्रं माझ्या सहीनं गेली आहेत. तेवढ्यापुरती माफी मागतो, तुमच्या संस्थेत नसलो तरी.

कायद्याचं सांगतो. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १४५. जामीनदारानं जे रीतसर भरलं ते मूळ कर्जदारानं त्याला भरून द्यायचं असतं. वेगळं लिहून घेतलेलं नसलं तरी ते वचन करारात धरलेलंच असतं. मात्र मुदत, पैसे भरल्यापासून तीन वर्षं. तुमचा शेवटचा हप्ता २०१५ चा, म्हणजे २०१८ ला सगळं मुदतबाह्य झालं. कोर्टात गेलात तर उभं करणार नाहीत.

पण एक बारकावा आमच्या जुन्या वकिलांनी शिकवला होता. मुदत संपली की दावा करायचा रस्ता बंद होतो, देणं मरत नाही. म्हणून कलम २५ मध्ये सोय आहे. कर्जदारानं मुदतबाह्य देणं फेडीन असं नव्यानं लिहून सही केली, तर तो करार पुन्हा धरला जातो. बदल्यात काही मिळालं नसलं तरी. म्हणजे कायदासुद्धा म्हणतो की आता जबरदस्ती नाही, पण तुला द्यावंसं वाटलं तर ते दान नव्हे, देणंच आहे.

आणखी एक, अनुभवाचं. थकबाकीदाराच्या घरी गेलं की पहिला प्रश्न मी एकच विचारायचो: "किती बाकी आहे, माहीत आहे का?" ज्याला आकडा माहीत असतो तो आज ना उद्या भरतो. जो म्हणतो "असेल काहीतरी", त्याची फाइल मी थेट जप्तीच्या गठ्ठ्यात टाकायचो. तुमच्या भावाला आकडा माहीत आहे का?

नगरची सिस्टर

साहेब, तुमच्या शेवटच्या प्रश्नानं मी चहा गॅसवर विसरले. नाही. त्याला माहीत नाही. त्यानं कधी विचारलाच नाही.

जुना पाळक

सिस्टरबाई, सलाम. मी जालन्याकडचा, मंडळीच्या कामातून निवृत्त. वसुलीवाल्या भाऊंनी माझं निम्मं प्रवचन आधीच केलं, तेव्हा उरलेलं लिहितो.

मत्तयाचा १८ वा अध्याय पुन्हा उघडा, पण दृष्टांताच्या आठ वचनं आधीपासून. १५ वं वचन काय आहे? तुझ्या भावानं अपराध केला तर त्याच्याकडे जा, तुम्ही दोघंच असताना त्याची चूक त्याला दाखव. दृष्टांत त्यानंतर येतो. आणि दृष्टांत कुठून सुरू होतो? राजानं चाकरांचा हिशेब घ्यायचं ठरवलं तिथून. वह्या उघडल्या, दहा हजार तालंतांचा आकडा मोठ्यानं वाचला गेला, चाकरानं पाय धरले, मग सोडलं. वही न उघडता सोडलं असतं तर त्या चाकराला काय सोडलं ते कळलं असतं का? (उघडूनही कळलं नाहीच म्हणा, पण तो पुढचा भाग.)

मी उपदेशात या रकमा नेहमी फळ्यावर मांडायचो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तालंत म्हणजे सहा हजार दिनार. दहा हजार तालंत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आज पाचशे रुपये रोज धरला तर तीन हजार कोटी. आणि दुसऱ्या चाकराकडचे शंभर दिनार? पन्नास हजार. आम्ही पाळक लोक घाईत सांगतो की ते शंभर दिनार म्हणजे चिल्लर. मजुरी करणाऱ्याला विचारा, शंभर दिवस म्हणजे चिल्लर का. प्रभूनं तुमची रक्कम चिल्लर म्हटलेली नाही. तीन हजार कोटींपुढे लहान म्हटली आहे. दोन्हींत फरक आहे. आणि त्या चाकराला शिक्षा झाली ती पैसे मागितले म्हणून नव्हे. तो "सवड दे, फेडतो" म्हणणाऱ्याची नरडी दाबून त्याला तुरुंगात घालतो, म्हणून.

जक्कय जकातदार सगळ्यांना पाठ आहे, अर्धं गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. "आज या घराला तारण मिळालं" हे प्रभू त्यानंतर बोलला. चौपट दिलं म्हणून तारण, असं मी म्हणणार नाही. प्रभू त्याच्या घरी जायला निघाला तेव्हा जक्कयनं एक दमडी दिलेली नव्हती. ज्योतताई म्हणतात ती कृपा हीच. पण कृपा घरात शिरली आणि तिजोरी उघडली नाही, असं त्या घरात झालं नाही. त्याच्याही मागं लेवीयाचा ६ वा अध्याय बघा. लुबाडलेलं पूर्ण द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि दोषार्पण (अपराधाबद्दल देवाला द्यायचं अर्पण) आणतो त्याच दिवशी द्यायचं. देवाचं आणि धन्याचं एकाच दिवशी.

तेव्हा मागा. मागणं म्हणजे क्षमा न करणं नव्हे. पण एकटी जा, सभेत नको, आणि तो "सवड दे" म्हणाला तर नरडीला हात नको. उलट त्यानं काहीच दिलं नाही तर? तर एक दिवस तुम्हाला सोडावं लागेल. पण तेव्हा काय सोडलं ते दोघांनाही ठाऊक असेल.

ट्रे सरकवता ते मात्र पटलं नाही. प्रभुभोजन मन स्वच्छ झाल्याचं बक्षीस नाही. पौल म्हणतो स्वतःची परीक्षा करा आणि मग खा. परीक्षा करून उपाशी राहा असं नाही म्हणत.

आणि इब्री ७:२२ वाचा. तिथं येशूला काय म्हटलंय? जामीन. ज्या बाईनं ५८ हप्ते दुसऱ्याचं भरलं तिला तो शब्द शिकवणारा मी कोण?

नगरची सिस्टर

पाळकसाहेब, हिशेबाचं एकदम पोचलं. इतकी वर्षं तो दृष्टांत ऐकला, "हिशेब" शब्दावर कुणी थांबलंच नाही. जामिनाचं तेवढं राहू द्या. प्रभूला ठाऊक होतं तो कशावर सही करतोय. मला सांगितलं होतं की नुसती सही आहे.

ज्योत_पुणे

काकांचं पटलं. मी "मागचं ठेवून द्या" लिहिलं ते घाईचं होतं. ताई, सॉरी. पण जाल तेव्हा रागात जाऊ नका, त्याचा विश्वास अजून कोवळा आहे.

वसुली_२२

रागात गेलात तरी चालेल, कागद घेऊन जा.

नगरची सिस्टर (तीन आठवड्यांनी)

विचारत होतात म्हणून लिहिते. गेले काल. राग होता आणि कागद पण होता.

पगारपत्रकं जपून ठेवलेली आहेत, दवाखान्यात नोंदी ठेवायची सवय. रात्री बसून एका फुलस्केपवर ५८ ओळी काढल्या. महिना, वर्ष, ३,२००. महिना, वर्ष, ३,२००. खाली बेरीज. व्याज लावलं नाही. लेवीयाचा पाचवा हिस्सा कोपऱ्यात पेन्सिलीनं काढला होता, निघताना खोडला.

वहिनी भाजीला गेली होती. तो ओसरीवर प्रार्थनेच्या खुर्च्या पुसत होता. मी कागद दिला, म्हणलं, "वाच. मोठ्यानं नको." त्यानं चष्मा आणला. मला वाटलं बेरीज बघेल आणि ठेवेल. पण तो एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेला. २०१२ च्या जूनपाशी थांबला. "या महिन्यात तर पोरीचं ॲडमिशन होतं ना तुझ्या?" म्हणलं, होतं. पुढं सरकला. पंधरा मिनिटं तरी लागली असतील. शेजारी कुणाचा तरी प्रेशर कुकर तीनदा वाजला.

बेरजेशी आला. "एवढे?" मग खूप वेळानं, "आक्का, मी सभेत सगळं सांगितलं, हे सांगितलं नाही. आठवत नव्हतं असं नाही." एवढंच. रडला वगैरे नाही. मला त्या सभेतल्या रडण्यापेक्षा हे बरं वाटलं.

मग म्हणाला, "यात पाटल्या कुठायत?"

म्हणलं, त्या माझ्या नव्हत्या, आईच्या होत्या. त्या मी कशा धरणार?

"धर," म्हणाला. "साडेतीन तोळे." आणि स्वतःच मोबाइल काढून सोन्याचा आजचा भाव बघितला. बघितला आणि मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. मला काय झालं कोण जाणे, हसू आलं. मग त्यालाही आलं. दोघं वेड्यासारखे हसत होतो तेवढ्यात वहिनी पिशवी घेऊन दारात. तिला वाटलं काहीतरी चांगली बातमी आहे.

दरमहा दोन हजार देतो म्हणाला. हिशेब केला, नुसत्या कागदावरच्या आकड्यालाच ९३ महिने लागतात, पावणेआठ वर्षं. पाटल्या वेगळ्या. मी तेव्हा ६९ ची असेन. वसुलीसाहेब, सही घेतली नाही. जागा सोडली होती, पण काढता आलं नाही तोंडातून. कागद त्यानं घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. आता धुण्यात जातो की काय ही एक धास्ती, झेरॉक्स काढायची राहिली.

ऋण सोडलं का, तर माहीत नाही. "सोडले आहे" म्हणायला अजून जीभ अडते. येत्या रविवारी महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन आहे. शेजारणीला सांगून ठेवलंय की शुगर नॉर्मल आली.